आठ दांड्यांचा पट्टा

मित्रांनो, मी एक दाताळे आहे, जुने आणि थोडे वाकलेले. मोटारीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून लोहाराने मला घडवले, तेव्हा मला बारा दात होते. वस्तीतल्या म्हाताऱ्या सुताराने दाराच्या चौकटीइतका उंच, सहा फुटी दांडा मला बसवला. पहिल्यांदा ओढले तेव्हा मातीवर बारा रेघा उमटल्या, जणू धरणीचे केस विंचरले! मला पाय असते, तर ते त्या दिवशी जमिनीवर राहिले नसते.

आमची वस्ती डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर दाट झाडी. पानगळ झाली की उतारावर गुडघाभर पाचोळा साचतो आणि ऊन तापले की त्याला एक ठिणगी पुरते. म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. दरवर्षी सगळ्या घरांनी मिळून झाडी आणि वस्ती यांच्यामध्ये एक पट्टा साफ करायचा. त्यावर पान नको, काडी नको, नुसती उघडी माती. पट्टा किती रुंद? आठ दांडे. शेवटच्या घराच्या कुंपणापासून मला आठ वेळा आडवे टाकायचे, आणि आठवा दांडा संपेल तिथे खुंटी ठोकायची. वस्तीचे माप मीच होते.

पाचोळा ओढताना बायका गात:

सरक सरक पाना, नको थांबू दारापाशी
माती राहू दे उघडी, आग राहील उपाशी

ते शेवटचे घर शिवणकाम करणाऱ्या काकूंचे. मी त्यांच्याच पडवीत राहते. म्हातारे सुतार हे त्यांचे सासरे. ते गेल्यावर काकूंचे दीर सुतारकाम पाहू लागले. माझा दांडा तीन वेळा मोडला, आणि दर वेळी मानेशीच मोडला. दीर मोडलेले टोक छाटून तोच दांडा पुन्हा बसवायचे. "लाकूड चांगलं आहे, फेकायचं कशाला?" म्हणायचे. त्यांच्या काटकसरीचे सगळे कौतुक करत. आठ दांडे दरवर्षी मोजले जात होते. खरे सांगते, मलासुद्धा काही वेगळे वाटले नाही.

मग काका आजारी पडले. काका म्हणजे काकूंचे यजमान. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, पण कमरेखाली लुळा पडला. आमची गल्ली सगळी पायऱ्यांची. आग आली तर त्यांना खाली न्यायचे कसे? काकूंनी दाराशी एक पिशवी भरून ठेवली: औषधे, कागदपत्रे, बॅटरी, पाण्याची बाटली. मग जाड कापडाची झोळी शिवायला घेतली. दोन बाजूंना दांडे घालायचे आणि चौघांनी उचलायची. माझा दांडा चालेल का, म्हणून त्यांनी मला टेप लावली.

"चारच फूट?" त्यांनी पुन्हा मोजले. चारच.

मला हातात घेऊन त्या तडक दिरांकडे गेल्या.

"भावजी, या दाताळ्याचा दांडा आधी किती होता?"

"सहा फूट. बाबांनीच बसवला होता. का हो?"

"आता चार आहे."

"असणारच. तीनदा मोडला, तीनदा छाटला."

"मग आठ दांड्यांचे अठ्ठेचाळीस फूट व्हायचे, ते आता बत्तीस होतात. मधले सोळा फूट गेले कुठे?"

रंधा थांबला. मग दीर हसले. "वहिनी, डोंगराचं माप घेताय? सदरा शिवताय की काय त्याला?"

"सदरा आखूड झाला तर उसवून पुन्हा शिवीन. तुमचे दादा त्या पट्ट्याच्या काठावर झोपतात, भावजी. ते घर पेटलं तर काय उसवू?"

दिरांचे हसू मावळले, पण त्या दिवशी ते उठले नाहीत. वस्तीही कुरकुरली. यंदाचा पट्टा झाला की! एकदा केलेले काम पुन्हा कोण करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मला घेऊन एकट्याच निघाल्या. वर्षानुवर्षे माजलेली झुडपे, मुळे, दगड. माझा एक दात गेला, मग दुसरा. काकू म्हणाल्या, "तोंड वेंगाडू नकोस. अजून दहा आहेत." तिसऱ्या दिवशी दीर कुऱ्हाड घेऊन आले आणि झुडपे तोडू लागले. मग शेजारीण आली, मग तिच्या सुना. बाराव्या दिवशी सोळावा फूट साफ झाला.

त्यानंतर आठवड्याभरातच, भर दुपारी, डोंगरावर धूर दिसला. दिरांनी आणि तीन शेजाऱ्यांनी काकांना बांबूंच्या झोळीत घातले. काकूंनी खिडक्या लावल्या, पिशवी घेतली आणि मला कुंपणाला टेकवून सगळ्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरल्या. जीव आधी, हे त्यांनी केव्हाच ठरवले होते.

पाहायला उरले मी एकटे. आग उतारावरून धावत आली आणि पट्ट्याच्या काठाशी अडखळली. एक जळते झाड उन्मळून पट्ट्यावर आडवे पडले. त्याचा शेंडा तीस फूट आत आला. पट्टा बत्तीसच फुटांचा असता, तर काठावरचे असे झाड कुंपणाच्या तोंडाशीच आले असते. ठिणग्या मातीवर लोळल्या, इकडे तिकडे पान शोधू लागल्या, आणि विझल्या. एक मात्र उडून माझ्या दांड्यावर बसली. दांडा अर्धा जळाला. मला त्याचे दुःख नाही.

संध्याकाळी काका पुन्हा आपल्या खाटेवर होते. दिरांनी त्या पडलेल्या झाडाची लांबी पावलांनी मोजली. सकाळी ते नवा सहा फुटी दांडा घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, हा मोडला तर नवा देईन. छाटणार नाही."

मित्रांनो, तुमच्याकडे आग येत असेल, पूर येत असेल, नाहीतर वादळ. तयारी तुम्हीही करत असाल. पण दरवर्षीसारखेच केले, एवढ्यावर निर्धास्त झोपू नका. वर्षातून एकदा टेप लावा. बांध किती उरला, दोर किती झिजला, पिशवीतली औषधे कधीची, हे डोळ्यांनी बघा. आणि तुमचे दाताळे माळ्यावर पडले असेल, तर आजच खाली काढा. मला आता दहाच दात आहेत, काम हळू होते. म्हणून यंदा पहिले पान गळताच आम्ही पट्ट्यावर हजर झालो आहोत.