मला सोडायला कोणी शिकवले नव्हते

मित्रांनो, नाकाला रुमाल लावू नका. हा जळका वास माझाच आहे आणि तो आता जाणार नाही. मी घरी बनवलेला एक मोटर कंट्रोलर आहे. जुना झालो आहे, पत्र्याच्या डब्यात राहतो आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. लाकडावर आपोआप नक्षी कोरणारी सीएनसी यंत्रे तुम्ही पाहिली असतील. त्यातला कोरणारा कटर सगळ्यांना दिसतो. कटरचा गाडा इकडून तिकडे नेणाऱ्या मोटरीही दिसतात. त्या मोटरींना ढोसून कामाला लावणारा मी मात्र टेबलाखाली पडलेला असतो. संगणक नुसता 'एवढे सरक' म्हणतो. बोलायला त्याचे काय जाते? सरकवावे मला लागते.

मला बनवले एका वायंडरबाईने. जळालेले पंखे, पंप, मिक्सर यांच्या मोटरींत नवी तार भरणे हा तिचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत तिचे टेबल होते आणि मागच्या शेडमध्ये तिच्या नवऱ्याचे सुतारकाम चाले. तो दारांवर आणि पलंगांवर नक्षी कोरायचा. हात चांगला होता, डोके तापट. पटाशी घसरली की तो ती भिंतीवर फेकायचा आणि भिंतीचा गिलावा पडायचा. मग त्याचे मनगट दुखायला लागले, पटाशी रोजच घसरू लागली, आणि भिंतीने त्याचे समाधान होईना. तेव्हा बाईने ठरवले की कोरायचे काम यंत्रावर टाकायचे. त्याच्या हाताला आराम पडेल आणि आपल्या पाठीलाही.

"अगं, कंट्रोलर तयार मिळतो की बाजारात," नणंद म्हणाली. नणंद म्हणजे सुताराची थोरली बहीण. ती त्यांच्याकडेच राहायची आणि कोरलेल्या लाकडाला पॉलिश करायची.

"तयार आणला आणि बिघडला, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू, वन्सं? मीच बनवते. जळला तर माझा, चालला तर सगळ्यांचा."

माझा जन्म काही सुखाने झाला नाही. माझ्याआधी दोन झाले आणि दोन्ही गेले. पहिल्यात एक कपॅसिटर उलटा बसला होता. वीज देताच तो फाडकन फुटला, त्याची पत्र्याची टोपी बाईच्या गालाला चिरत गेली आणि डोळा थोडक्यात वाचला. दुसऱ्याने मोटर फिरवली, पण ती मोटर अशी किंचाळली की शेजारी दार वाजवू लागले. मग त्याचे ट्रान्झिस्टर एकामागून एक तडकले आणि शेवटच्याने पेट घेतला. बाईने त्याच्यावर वाळू ओतली. दोघांनाही तिने टेबलावर उताणे पाडले, त्यांच्यातले जे जे जिवंत होते ते तापल्या सोल्डरिंग आयर्नने उपटून काढले आणि त्यातून मला जोडले. मित्रांनो, माझ्या अंगात दोन मेलेल्या भावांचे अवयव आहेत. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका.

मी मात्र चाललो. बाईने मोटरचा दांडा पकडीत धरून मला अडवून पाहिले, तर मी पकड तिच्या हातातून भिरकावून दिली. ती कपाट फोडून आत गेली. बाई दुखावलेली बोटे तोंडात घालून हसत सुटली. "आहे रे दम तुझ्यात!" ती म्हणाली. ही माझी पहिली शाबासकी आणि अजूनही ती आठवली की मला बरे वाटते.

नंतर तिने मला थांबायला शिकवले. तुम्हाला वाटेल त्यात काय शिकायचे? तसे नाही. माझे थांबणे म्हणजे झोपणे नव्हे. मी थांबलो तरी मोटरींत वीज सोडत राहतो आणि गाडा जिथे असेल तिथे घट्ट धरून ठेवतो, कारण तो केसभर जरी हलला तरी पुढची नक्षी वाकडी जाते. नणंदेने दोन्ही हातांनी गाडा ढकलून पाहिला. तो ढिम्म हलला नाही.

"काय गं हे भूत आणलंस!" ती म्हणाली.

"असाच हवा. थांब म्हटलं की थांबायचं, आणि थांबला की धरून ठेवायचं."

बाईने टेबलावर तळहाताएवढे लाल बटण बसवले. ते दाबले की मी थांबायचो. कटर मात्र माझ्या ताब्यात नव्हता. तो सुताराचा जुनाच होता, त्याची पिन भिंतीवरच्या बोर्डात, माझ्या पिनेच्या शेजारी होती. "कटरही बटणावर घेऊ पुढे," बाई म्हणाली. घरी बनवलेल्या यंत्रात हे 'पुढे' कधी येत नाही, हे तुम्ही पक्के लक्षात ठेवा.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. मी लाकडाची कातडी सोलली. गाठ आली की कटरचे पाते मोडून सुसाट उडायचे. एक नणंदेच्या कानाशी दारात घुसले, एक सुताराच्या दंडात. लाकूड धुमसायचे, गाडा ओढणारे पट्टे तापायचे, भुशाने सगळ्यांचे डोळे लाल व्हायचे. पण दारावर पाने-फुले अशी उमटायची की गिऱ्हाईक हात फिरवत उभे राहायचे. "सुतारबुवा, हाताला काय धार आहे तुमच्या!" ते म्हणायचे, आणि सुतारबुवा मान तुकवायचे. बाई पुढच्या खोलीत तार गुंडाळत बसलेली असायची. मला असा संताप यायचा की माझा पंखा गरगरायला लागायचा.

त्याच्या हाताला आराम पडला, पण हात रिकामा झाला हेच वाईट झाले. एकदा वीज क्षणभर गेली, माझा हिशेब चुकला आणि एका मोठ्या दाराच्या मधोमध चर पडला. सुताराने आधी लाकडी मोगरी माझ्या डब्यावर घातली. मग पुढच्या खोलीतून बाईला मनगटाला धरून ओढत आणले आणि त्या दारावर तिचे डोके आपटले.

"बघ! बघ तुझी अक्कल!"

"अहो, सोडा," बाई म्हणाली. "सोडा ना, अहो."

तो थांबला. पण मनगट सोडले नाही. तिची बोटे निळी पडेपर्यंत तो तसाच धापा टाकत उभा होता. नणंद पॉलिशचे फडके घेऊन दारात आली होती. तिने बाईच्या कपाळाचे रक्त त्याच फडक्याने टिपले.

"थांबला ना तो? लगेच थांबतो. मनात नाही ठेवत काही," ती म्हणाली.

हे पुढे अनेकदा झाले, आणि नणंद दर वेळी हेच म्हणाली. मी टेबलाखालून पाहत असे. खरे सांगतो, मला त्यात काही वावगे दिसत नव्हते. मलाही तेवढेच तर येत होते.

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती. मी एका पलंगाची पाठ कोरत होतो. भुसा साचला म्हणून सुताराने चालू यंत्रात हात घातला. बाईने त्याला हजारदा बजावले होते, पण तिचे ऐकेल तर तो सुतार कसला! कटरने त्याची बाही धरली. बाहीने हात ओढला. गाडा पुढे आला आणि लाकूड आवळणाऱ्या लोखंडी शिकंज्यावर त्याचा पंजा चिरडला. तो ओरडला, तशी बाई धावत आली आणि तिने लाल बटणावर मूठ मारली.

मी थांबलो. मला शिकवले होते तसाच थांबलो, जिथल्या तिथे, सगळा जोर लावून. आणि कटर फिरतच राहिला. गाडा हलता असता तर तो हातावर क्षणभर ओरखडा काढून पुढे गेला असता. मी त्याला त्या बोटांवर धरून ठेवले. रक्त छपरापर्यंत उडाले. बाईने गाडा ढकलला, खांदा लावून ढकलला, पण मी कोणाचे ऐकणार होतो? तिने भिंतीकडे झेप घेऊन कटरची पिन उपटली. कटर घुमत घुमत थंडावला.

आता मी एकटा उरलो होतो आणि सुताराचा पंजा माझ्या पकडीत होता. तो फरशीवर पाय आपटत होता, दुसऱ्या हाताने गाड्याला गुद्दे मारत होता.

"सोड!" तो किंचाळला. "सोड, सोड, अगं सोडव मला!"

बाईचा हात माझ्या पिनेवर होता. नुसती ओढायची होती. तिने ओढली नाही. ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिचा श्वास मला वायरीतून कळत होता. किती वेळ, ते मला विचारू नका. त्याला तीनदा श्वास घेऊन तीनदा ओरडायला पुरला, एवढे खरे. तेवढ्यात नणंद दारात आली आणि तिने ते पाहिले. भावाचा हात पाहिला आणि भावजयीचाही. मग बाईने पिन ओढली. माझ्यातला जोर गेला आणि गाडा मागे सरकला.

सुताराची दोन बोटे गेली. दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा पट्टीत गुंडाळलेला हात छातीशी होता आणि दुसरा मोकळा होता. त्याने मोकळ्या हाताने बाईचे मनगट धरले आणि तिला माझ्या टेबलाशी आणले.

"मुद्दाम उशीर केलास तू."

"हो," बाई म्हणाली. "केला."

 मग त्याने तिचे मनगट पिरगाळले. हाड कट्कन वाजलेले मी ऐकले. तिने ओठ दातांखाली धरले होते. नंतर ती त्याच्याकडे सरळ पाहत म्हणाली, "सोड."

इतक्या वर्षांत तिने त्याला 'अहो' सोडून हाक मारली नव्हती. तो 'सोड' ऐकून पिरगाळायचा थांबला. थांबला, पण धरून राहिला.

"ताई, ऐकलंस?" तो बहिणीकडे वळला. "मला अरे-तुरे करते ही! आणि बघ, थांबलोय मी. थांबलोय ना?"

नणंदेने फडके खाली टाकले. कोपऱ्यातली मोगरी उचलली आणि भावाच्या त्या पकडलेल्या हातावर, कोपराच्या जरा खाली, सगळ्या अंगाचा भार देऊन हाणली. तो गुडघ्यावर कोसळला. बाईचे मनगट सुटले.

"थांबलास रे," नणंद रडत रडत म्हणाली. "सोडलं नाहीस पण."

त्याच दुपारी दोघी निघाल्या. यंत्राचा सांगाडा जड होता, तो मागे राहिला. बाईने मला काखेत मारले. तिचा एक हात गळ्यात बांधलेल्या झोळीत होता, तरी तिने मला नणंदेकडे दिले नाही.

आता आम्ही एका कुलूपवाल्याच्या दुकानामागे राहतो. बाईचे हाड वाकडे जुळले आहे, तिला तार घट्ट ओढता येत नाही, म्हणून तार ओढायचे काम नणंद करते. दोघींनी मिळून नवा सांगाडा उभा केला. मग बाईने मला उघडले. लाल बटणाची वायर माझ्यातून काढून थेट मुख्य विजेवर घेतली. दाबले की कटर मेला पाहिजे आणि मोटरीही मेल्या पाहिजेत. मला राग आला. नक्षी वाकडी जाईल, मी मनात म्हणालो.

कटरला पाते न लावता तिने यंत्र सुरू केले. गाडा सरकू लागला, तसा तिने स्वतःचा तो वाकडा हात त्याच्या वाटेत, शिकंज्याला टेकवून ठेवला.

"वेडी आहेस का? काढ हात!" नणंद ओरडली.

"दाबा, वन्सं."

नणंदेने डोळे मिटून बटण दाबले. कटर थंडावला. गाडा बाईच्या हाताला टेकून उभा राहिला. तिने एका बोटाने त्याला ढकलले. मी अडवले नाही, मला अडवताच येत नव्हते. तो हलकेच मागे गेला. बाई हात तिथेच ठेवून रडू लागली, आणि मी तिला इतके रडताना त्या घरात कधी पाहिले नव्हते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्याजवळ जे कोणी जोरदार आहे, ते नुसते थांबते म्हणून निश्चिंत राहू नका. ते थांबलेले असताना त्याला एका बोटाने ढकलून बघा. हलले नाही, तर तिथून आपला हात काढून घ्या.