कोपऱ्यावरची झालर

मास्तरांना मशीनची भीती कधी वाटली नाही, पण कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात उगवणाऱ्या त्या चौकटीने त्यांना पार भंडावून सोडलं. 'तुमची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली आहे. लवकरच तिला मदत मिळणे बंद होईल. नवी घ्या.' खाली दोन बटणं, 'आता' आणि 'नंतर'. मास्तर रोज 'नंतर' दाबत. चौकट दुसऱ्या दिवशी नव्या दमाने हजर!

मास्तर मूळचे शिंपी, दुकान भरतकामाचं. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, तिथून ती मशीनला जायची आणि मशीन ती कापडावर भरायचं. नक्षी काढायची थोरल्या बहिणीने, बाकी सगळं मास्तरांनी. हल्ली ताईचा हात थरथरायचा, साधा वेलही तिला काढता येईना. जुन्या नक्ष्यांवरच दुकान चाललं होतं, आणि त्या सगळ्या कॉम्प्युटरच्या त्या एका खोक्यात. त्या गेल्या तर ताईचं जन्माचं काम पुसलं जाणार, म्हणून मास्तरांचं बोट 'आता'कडे वळत नसे.

त्यांनी भाच्याला फोन केला. "मामा, डोळे मिटून 'आता' दाबा," तो म्हणाला. "नाहीतर एखादा व्हायरस घुसेल आणि सगळं साफ करेल."

मग मशीनच्या मेकॅनिकला विचारलं. तो ओरडलाच, "अजिबात हात लावू नका! नव्या सिस्टीमला जुनं काही कळत नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. दोघंही शहाणे, मग खरं कुणाचं? मास्तरांना काही उमगेना.

शेवटी त्यांनी शिंप्याचं डोकं चालवलं. स्क्रीनला कापडाची खोळ शिवली आणि नेमकी त्या कोपऱ्यावर झालर सोडली. 'जुनी झाली' हे शब्द ताईच्या नजरेला पडू नयेत, हाही मनात हेतू होता. चौकट दिसेनाशी झाली आणि मास्तरांना गाढ झोप लागू लागली.

एका सकाळी ते दोरे घेऊन परतले, तर खोळ धुऊन वाळत घातलेली आणि ताई स्क्रीनसमोर बसलेली. स्क्रीनवर एक गोल फिरत होता.

"ताई, काय दाबलंस?"

"'आता'. दुसरं बटणच नव्हतं."

खोळीआड 'नंतर'ची मुदत केव्हाच संपली होती. दुपारी कॉम्प्युटर चकाचक उघडला. मेकॅनिकने येऊन मशीनही कसंबसं सुरू केलं. पण ताईच्या नक्ष्या काही उघडेनात. मेकॅनिक मान हलवून निघून गेला.

"अगं, तुझं सगळं गेलं!" मास्तरांना रडू आवरेना. "आधीच दाबायला हवं होतं का? की दाबायलाच नको होतं? मला काहीच कळत नाही गं."

"मला विचारायला हवं होतंस." ताईचे डोळेही भरले होते. "मी जुनी झाले हे मला ठाऊक आहे रे. त्यावर झालर कशाला?"

मग तिने कागद आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली.

"अगं, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही!"

"हात माझा थरथरतो, डोकं नाही. मी सांगते, तू काढ."

मास्तरांनी वेलाचं जन्मातलं पहिलं पान काढलं. ते थेट वांग्यासारखं झालं. ताईने कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"देठ बरा जमलाय," ती म्हणाली.