बारावी फ्रेम

“परत आली?”

“आली. आणि या वेळी बरोबर नाकावर.”

दीपालीने कॅमेऱ्यामागून मान वर केली. भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून तिने खोलीत अंधार केला होता. टेबलावर डॉक्टरांकडे असते तशी एक्स-रे बघायची पेटी उजळलेली होती. बिबवेवाडीतल्या एका डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना ती काढून टाकली होती, दीपालीने मागून आणली. पेटीवर दोन काचा, काचांमध्ये एक निगेटिव्ह, आणि वर ट्रायपॉडला उलटा टांगलेला कॅमेरा. तो ऑफिसमधल्या अभयचा. सोमवारी परत द्यायचा होता.

निगेटिव्हमध्ये चुलीपुढे बसलेली एक बाई होती. काळं ते सगळं पांढरं आणि परातीतलं पीठ काळंकुट्ट. तिच्या चेहऱ्यावर मात्र रंगीत वलयं उमटली होती, एकात एक, पावसात डबक्यावर तेल सांडल्यासारखी.

दीपालीला या वलयांची पूर्ण ओळख होती. गुळगुळीत काच आणि गुळगुळीत फिल्म यांच्यामध्ये केसाहून पातळ अशी हवा अडकते, तिच्या दोन बाजूंनी परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो. एम.एस्सी.ला असताना तिने सूक्ष्मदर्शकाखाली या वलयांचे व्यास मोजले होते आणि वीसपैकी एकोणीस मार्क मिळवले होते. तेव्हा वलयं दिसावीत म्हणून धडपड होती. आता ती जावीत म्हणून सकाळपासून चार तास गेले होते.

“काच काढून बघ,” दाराजवळच्या खुर्चीवरून आबा म्हणाले.

“काच काढली की फिल्मची गुंडाळी होते, आबा. मधला भाग फोकसमध्ये घेतला की कडा जातात. कडा घेतल्या की बाई जाते.”

“मग बाईला सांग, हलू नकोस.”

आबा म्हणजे तिचे आजोबा, रतन ओव्हाळ. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी येरवड्यात फोटो काढले होते. लग्नं, बारशी, विहारातले ग्रुप फोटो, नोकरीच्या अर्जांसाठी ताठ बसलेली पोरं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधलाच भाग गेला. कडेकडेचं दिसे. दार, खिडकी, खुंटीवरचा शर्ट. ज्याच्याकडे सरळ बघावं तेवढंच नाहीसं होई. समोरच्या माणसाचा चेहरा सोडून त्यांना बाकी सगळं दिसत असे.

मागच्या रविवारी लोणी काळभोरहून चंद्रभागाबाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या. दारातच “जयभीम, बाबा” म्हणाल्या आणि चप्पल काढून उभ्या राहिल्या.

“मुक्ताबाईची लेक मी. माझी मावशी मरायच्या आदी बोलली, तुझ्या आईचा एक फोटू हाय. धोंडिबाच्या पोराच्या लग्नात येरवड्याच्या फोटोवाल्यानं काढला, भाकऱ्या थापताना. चौसष्ट सालची गोष्ट. फुडल्या वर्षी आई गेली. मी तीन वर्साची हुते, मला तिचं त्वांड आठवत न्हाई.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पंधरवड्यानं माझ्या सोनालीचं लगीन हाय. मांडवात तिच्या आजीचा फोटू ठेवावा म्हनते.”

आबांनी क्षणभरही विचार केला नाही. “वरच्या फळीवर गोल डबे आहेत. झाकणावर खिळ्याने साल आणि नाव कोरलंय. चौसष्ट, धोंडिबा.”

डबा उघडला तसा व्हिनेगरचा आंबट भपकारा आला. जुनी फिल्म सडायला लागली की असा वास सुटतो, हे दीपालीने वाचलं होतं. प्रत्यक्ष पहिल्यांदाच घेतला. आत अख्खा रोल होता, न कापलेला, घट्ट गुंडाळलेला. तळहाताएवढ्या रुंदीची फिल्म, तिच्यावर बारा चौकोनी फोटो. पहिल्या अकरांत नवरानवरी, वऱ्हाड, वंदना, हार. बाराव्यात मुक्ताबाई.

“बारावा फोटो धोंडिबाला दिलाच नव्हता?” चंद्रभागाबाई गेल्यावर दीपालीने विचारलं होतं.

“गिऱ्हाइकाला मी अकराच सांगायचो. बारावी फ्रेम माझी.”

“प्रत्येक रोलची?”

“प्रत्येक. अकरा फोटोंत जी माणसं येत नाहीत, त्यांची. डोक्यावर बत्ती धरणारा. पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा करणारी. भाकऱ्या थापणारी.”

“आणि दाखवलेत कुणाला?”

“बघायला कोण आलं होतं?”

गिऱ्हाईक परत कॉपी मागायला येई, म्हणून त्याच्या फ्रेमा रोलच्या बाहेरच्या बाजूला आणि स्वतःची सगळ्यात आत, गाभ्याशी. चाळीस वर्षं आबांनी रोल असेच गुंडाळले. कापले की हरवतात, म्हणून कापले नाहीत. दीपालीने पट्टी लावून बाक मोजला होता. पहिल्या फ्रेमेच्या वळणाची त्रिज्या चार सेंटीमीटर भरली, बाराव्या फ्रेमेची जेमतेम एक. जे आबांनी सगळ्यात जपून ठेवलं, तेच सगळ्यात वाकडं झालं होतं.

बारावी फ्रेम कापून घेऊन दोन दिवस तिने ती स्टीलच्या डब्यात ठेवली होती. खाली ओलं फडकं, वर जाळी, जाळीवर निगेटिव्ह. थोडी दमट होऊन फिल्म जराशी सैल पडली. पण आज तिसऱ्यांदा काच दाबताना बारीक आवाज झाला. टक्.

दीपालीने काच उचलली.

“कुठे?” आबांनी विचारलं. त्यांनीही तो ऐकला होता.

“डाव्या कोपऱ्यात. चुलीच्या टोकापासून वर गेलीय चीर. चेहऱ्यापासून बोटभर लांब.”

“आता जास्तीत जास्त एकदा दाबता येईल. मग विसरायचं.”

तेवढ्यात दार वाजलं. चंद्रभागाबाई चारला येणार होत्या, तीनलाच आल्या. हातात शेंगांची पिशवी. अंधारी खोली बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या. “घावला का?”

“घावलाय. सरळ बसत नाहीये,” दीपाली म्हणाली. “आणि बाई, तो तुटूही शकतो. आधीच सांगते.”

चंद्रभागाबाई भिंतीशी खाली बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

“दे इकडे,” आबा म्हणाले.

“आबा, तुम्हाला—”

“दिसत नाही. माहितीये मला. दे.”

तिने चिमट्याने निगेटिव्ह त्यांच्या तळहातावर ठेवलं. आबांनी ते कडांवर बोटं टेकवून उचललं, तोंडाशी नेलं आणि कोरा कोपरा खालच्या ओठाला हलकेच टेकवला. मग उलटा करून पुन्हा टेकवला.

“हे काय करताय?”

“डार्करूमच्या अंधारात बाजू कशी कळते मग? रसायनाचा थर असतो ती बाजू ओठाला चिकटते. कोरी बाजू घसरते. तू यातली कुठली बाजू वर ठेवत होतीस?”

“चकचकीत. फोटो सुलटा दिसावा म्हणून.”

“म्हणजे चकचकीत फिल्मवर चकचकीत काच. उलटं ठेव. थराची बाजू खरखरीत असते, तिच्यावर साधी काच चालते.”

दीपाली एकदम उभी राहिली. बरोबर! खरखरीत थरामुळे हवेची फट जागोजागी वेगळी होणार, वलयं बनायला तिथे जागाच उरत नाही. एकोणीस मार्कांना हे सुचायला हवं होतं. मग तिचा चेहरा पडला. “पण मग चकचकीत बाजू खालच्या काचेवर येते. वलयं खालून येतील.”

“खाली मॅट, खरखरीत काच घाल.”

“आज रविवार आहे. बुधवार पेठेतली फ्रेमवाल्यांची दुकानं बंद. आणि कॅमेरा उद्या—”

आबा उठले. हाताने भिंत चाचपत चार पावलं गेले आणि आजीचा फोटो खिळ्यावरून काढला.

तो शकूआजीचा एकुलता एक धड फोटो होता. लग्नातला नव्हताच, कारण त्या लग्नात फोटोग्राफर स्वतःच नवरदेव होता. पुढे कधीतरी आबांनीच तो काढला होता. अकरा वर्षांपूर्वी आजी गेल्यावर फ्रेम करून आणला, तर समोरच्या ट्यूबलाइटची चकाकी नेमकी तिच्या चेहऱ्यावर पडू लागली. दुसऱ्याच दिवशी आबा काच बदलायला बुधवार पेठेत गेले. न चकाकणारी, मॅट काच बसवून घेतली.

“आबा, आजीची काच नको.”

“का? आता मला ट्यूबही दिसत नाही नि तीही दिसत नाही. काच कुणासाठी चमकणार?” त्यांनी नखाने मागचे बारीक खिळे वाकवले, पुठ्ठा काढला, काच बाहेर ओढली आणि सदऱ्याच्या आतल्या मऊ बाजूने पुसली. “पण फोटो उलटा येईल.”

“कॉम्प्युटरवर सुलटा करता येतो.”

“वा. म्हणजे काहीतरी येतं तुम्हा लोकांना.”

खाली मॅट काच, तिच्यावर निगेटिव्ह, थराची बाजू वर. दीपालीने वरची काच एका कडेने टेकवली आणि इंच इंच खाली सोडली. फिल्मच्या कडा उभ्या होत्या, त्या काचेखाली हळूहळू आडव्या झाल्या. आवाज झाला नाही.

वलयं नव्हती.

तिने रिमोटच्या बटणाने फोटो घेतला. एक, दोन, तीन. मग लॅपटॉपवर चित्र उघडलं, आरशासारखं फिरवलं, आणि काळ्याचं पांढरं केलं.

पंचेचाळीस वर्षांपूर्वीची एक दुपार पडद्यावर आली.

दीपालीने चित्र मोठं केलं, मग आणखी मोठं. ते संपेचना. नाकावर घामाचा थेंब. भुवईवर पीठ. भाकरीवर पाच बोटांचे ठसे, त्यांतल्या तर्जनीच्या ठशात पिचलेल्या नखाची रेघ. डावा हात पदराकडे निघालेला आणि अर्ध्यातच थांबलेला. रोज ऑफिसात ती डेटाच्या लाखो ओळी तपासत असे, पण एवढीशी वस्तू डब्यात पडून इतकं सगळं धरून बसली होती, कुणी न मागता, हे तिला झेपेना.

“या, बाई,” ती म्हणाली.

चंद्रभागाबाई उठून पुढे आल्या.

“ही तर आमच्या सोनालीयेवढी हाय,” त्या म्हणाल्या. “पोर हाय की ही.”

मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, आपल्या लेकीएवढ्या त्या मुलीसमोर, आणि लॅपटॉपपुढे जमिनीवर बसल्या.

दीपालीला काय करावं कळेना. ती उगाच चित्र सरकवत राहिली. मुक्ताबाईच्या मागे पितळी हंडा होता, लख्ख घासलेला. त्याच्या पोटावर काहीतरी उभं होतं. तिने तो भाग मोठा केला. मांडवाचा खांब, आकाशाची पट्टी, आणि त्यांच्यामध्ये तिळाएवढा एक माणूस. सडपातळ, पांढरा सदरा. दोन्ही हात पोटाशी जोडल्यासारखे, मान पूर्ण खाली झुकलेली.

“आबा, हंड्यात कुणीतरी आहे. पाया पडतंय असं वाटतं.”

“पाया कोण पडतंय. तो कॅमेरा पोटाशी धरायचा असायचा. काच वरच्या बाजूला, तिच्यात खाली बघून फोटो काढायचा.” आबा थांबले. “मीच असेन. कसा दिसतो?”

“मान खाली घातलेली आहे. चेहरा दिसत नाही.”

“मग मीच,” आबा म्हणाले.

संध्याकाळी चंद्रभागाबाई पेन ड्राइव्ह रुमालाच्या गाठीत बांधून गेल्या. मोठी प्रिंट हडपसरला करून घेणार होत्या. शेंगांची पिशवी टेबलावर ठेवून गेल्या. दीपालीने चादरी काढल्या, मॅट काच पुसली आणि आजीच्या फ्रेमजवळ आणली.

“डबे किती राहिले?” आबांनी विचारलं.

“धड असे एकेचाळीस.”

“म्हणजे एकेचाळीस बाराव्या फ्रेमा.” त्यांनी तिच्या हातातली काच बोटांनी चाचपली आणि तिच्याकडेच परत सरकवली. “ठेव तुझ्यापाशी. आणि त्या अभयला सांग, कॅमेरा उद्या मिळणार नाही.”

“आजीवर धूळ बसेल.”

“बसू दे. मला उद्योग काय दुसरा?”

सोमवारी सकाळी ऑफिसच्या बससाठी बाहेर पडताना दीपाली दारात थांबली. आबा खुर्चीत बसले होते. बिनकाचेची फ्रेम मांडीवर होती. हातात निगेटिव्हवरची धूळ काढायचा जुना, मऊ केसांचा ब्रश. कपाळापासून सुरुवात करून ते सावकाश खाली येत होते. मान पूर्ण झुकलेली. नजर मात्र सरळ फोटोवर नव्हती. चेहरा दिसावा म्हणून आबा त्याच्या जरासं बाजूला बघत होते.