सवतीच्या गावी दोन दिवस

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून धाकटीने आईबाबांना दोन दिवसांची सहल भेट दिली, आणि त्याच संध्याकाळी घरात भांडणाला तोंड फुटलं.

"गाव तुम्ही ठरवा, तिकिटं मी काढते," ती फोनवर म्हणाली होती. "रविवारपर्यंत सांगा. आणि बाबा, जरा हातात हात घालून फिरा. तुमचा मधुचंद्र राहूनच गेलाय म्हणे."

राहून गेला होता हे खरंच. आधी पैसे नव्हते, मग वेळ नव्हता, आणि मग नवराच नव्हता. म्हणजे होता, पण आठ तासांच्या अंतरावर परांचीवर चढून बसलेला.

बाईंना समुद्र हवा होता. तिसरीच्या वर्गाला एकतीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि अख्खी गल्ली त्यांना अजून बाईच म्हणत होती. कुणाची हजेरी न घेता दोन दिवस वाळूत पाय पसरून बसायचं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांच्या गवंडी नवऱ्याला, म्हणजे मिस्त्रींना, मात्र जगात एकच गाव ठाऊक होतं. चारी बाजूंनी दगडी तट असलेलं ते जुनं शहर. एका वर्षी त्या तटाचा तिसऱ्या आणि चौथ्या बुरुजामधला भाग ढासळला, आणि तो पुन्हा उभा करायला मिस्त्री गेले ते अकरा वर्षं तिथेच राहिले. दोन महिन्यांतून एकदा घरी यायचे, अंगाला चुन्याचा वास घेऊन. तीन दिवस झोपायचे आणि परत जायचे.

"ती भिंत माझी सवत आहे," बाई शाळेत म्हणायच्या. बाकीच्या शिक्षिका हसायच्या. बाईही हसायच्या, पण त्यात गंमत थोडी होती आणि राग जास्त. मोठ्याचा मोडलेला हात, सासूबाईंचं आजारपण, गळकं छत, सगळं एकटीने निस्तरलेलं. धाकटी झाली तेव्हा निरोप वेळेवर पोचूनही हा गृहस्थ चौथ्या दिवशी उगवला. "काम होतं," एवढंच म्हणाला. ते दोन शब्द बाईंनी जे मनात धरून ठेवले, ते धाकटीला नोकरी लागली तरी सोडले नव्हते.

"सवतीच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही," त्यांनी आता स्पष्ट सांगून टाकलं. "तुम्हाला जायचं तर खुशाल एकटे जा."

"एकटा जाऊन काय करू?"

"अकरा वर्षं केलं तेच."

मिस्त्री माणूस चिवट. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि सहलीचा बेत लिहायला घेतला. बाईंनी भाजी निवडता निवडता तिरक्या डोळ्यांनी पाहिलं. त्या कागदावर तट काढलेला होता, बुरुजांना आकडे घातलेले होते, कुठल्या बाजूवर कुठल्या वेळी ऊन येतं ते लिहिलेलं होतं. पहिला दिवस सकाळ: बाहेरची बाजू. पहिला दिवस दुपार: आतली बाजू. दुसरा दिवस: पुन्हा बाहेरची बाजू.

"यात जेवायचं कधी?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी कागद नीट पाहिला. "राहिलं."

"आणि झोपायचं?"

"ते होईल की."

"मी कुठे आहे यात?"

मिस्त्रींनी पेन्सिल कानामागे खोचली. त्यांनी आयुष्यभर कामाचे बेत आखले होते. त्यात दगड किती, चुना किती, माणसं किती हे असायचं, बायको कधीच नसायची. ते गडबडीने म्हणाले, "तू तर सगळीकडेच आहेस. म्हणून लिहिलं नाही."

बाई भाजीची ताटली उचलून आत गेल्या. उत्तर बरं होतं हे त्यांना कळलं होतं, पण तसं दाखवायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

शनिवारी मिस्त्रींनी फोन उचलला. "नुसती चौकशी करतो," ते भिंतीकडे बघत म्हणाले. चाळीस वर्षं छिन्नीचे घाव ऐकून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे फोनचा आवाज खोलीभर मोकळा सोडल्याशिवाय त्यांना ऐकू येत नसे. बाई वह्यांचा खण आवरत होत्या. तो खण काल आवरून झाला होता.

पलीकडे लॉजची मालकीण होती. बोलायला एकदम फटकळ.

"खोली पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "तटाकडची. तिसरा आणि चौथा बुरूज समोर दिसेल अशी."

"सगळ्यांना तीच पाहिजे असते," मालकीण म्हणाली. "म्हणून तर बारा वर्षांपूर्वी आम्ही नेमकी ही जागा घेतली. आधी येऊन गेलाय वाटतं तुम्ही?"

"आलो होतो. बरीच वर्षं झाली."

"मग तुम्हाला माहीतच असेल. अख्ख्या तटात तेवढाच तुकडा अस्सल राहिलाय. बाकी सगळीकडे मेली डागडुजी. कुठे सिमेंट फासलंय, कुठे दगडच वेगळा. लांबूनसुद्धा ठिगळं दिसतात. पण आमच्या समोरचा भाग बघाल तर चारशे वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही त्याला. मी स्वतः पाहुण्यांना नेऊन दाखवते. म्हणते, बघा, जुने लोक कसं काम करायचे. आता असे कारागीर कुठे राहिलेत?"

मिस्त्रींचे कान लाल झाले. फोन धरलेला हात मांडीवर टेकला आणि दुसऱ्या हाताने ते उगाच गुडघा चोळू लागले.

बाई खणापासून उठल्या. एकतीस वर्षांत समोरच्याची चूक त्यांनी पाच मिनिटं तरी तशीच राहू दिली असेल तर शपथ. त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. "अहो, सांगा की तिला. तुम्ही बांधलंय म्हणून सांगा."

मिस्त्रींनी फोन पंजाने झाकला. "कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमची अकरा वर्षं त्या चारशेंच्या खात्यात जातायत."

"अगं, काम तेच तर होतं," मिस्त्री म्हणाले. "कामावरचे साहेब म्हणायचे, जो सांधा डोळ्याला दिसेल तो उकला आणि पुन्हा करा. कितीदा उकलायला लावलं त्यांनी. एकदा तर अख्खा महिन्याचा थर खाली उतरवला. शेवटी साहेबांनाच शोधून सापडेना, कुठे जुनं संपलं आणि कुठे आमचं सुरू झालं." त्यांनी हनुवटीने फोनकडे खूण केली. "आणि आता ही बाई म्हणते, हात लागलेला नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत या माणसाने स्वतःच्या कामाची बढाई मारलेली त्यांनी ऐकली नव्हती, आणि मारायला काही नसेल असंच त्या धरून चालल्या होत्या. राग कुठे गेला नव्हता, तो होता तिथेच होता. पण त्याच्या शेजारी अभिमान येऊन बसला होता आणि तो चांगला ऐसपैस बसला होता. ही भिंत उभी राहावी म्हणून आपण इकडे घर उभं ठेवलं, असं त्यांच्या पहिल्यांदाच मनात आलं. म्हणजे तीत आपलंही काही आहे.

"धाकटी झाली," त्या हळू म्हणाल्या, "त्या दिवशी कुठे होतात तुम्ही? भिंतीत कुठे?"

मिस्त्रींना आठवावं लागलं नाही. "बाहेरच्या अंगाने, सातवा थर. पाणी जायची मोरी आहे, तिच्या डाव्या हाताला. निरोप आला तेव्हा दगड साखळीवर लटकत होता. टोळीतले म्हणाले, तू जा, आम्ही बसवतो. मी नाही म्हटलं. मुलगी झाल्याच्या दिवसाचा दगड मी दुसऱ्याच्या हातात देणार नव्हतो. एकट्याने बसवला. ओळंब्यात कणभर हलला नाही. मग तीन दिवस चुन्याला पाणी मारत बसलो. तडा गेला असता तर तोंड घेऊन आलो नसतो तुझ्याकडे."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू सहा महिने बोलत नव्हतीस. पुढे मग राहिलंच."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पदराने सरळ पुसलं, लपवलं नाही. "मूर्ख आहात," त्या म्हणाल्या. "मीही कमी नाही."

पलीकडून मालकीण केव्हाची हॅलो हॅलो करत होती. बाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

"मी यांची बायको बोलतेय. तीच खोली द्या. पुढच्या शनिवारपासून."

"किती दिवस?"

"मुलीने दोन म्हटलंय. तुम्ही चार लिहा."

मिस्त्रींनी मान वर केली. बाईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प बसवलं.

"छान," मालकीण म्हणाली. "सकाळी लवकर उठा हं. मी नेते तुम्हाला तटाशी, इतिहास सगळा सांगते. कुठला दगड, कसा बसवला, सगळं पाठ आहे माझं."

"तुम्ही कशाला त्रास घेता," बाई म्हणाल्या. "माहिती सांगणारा माणूस मी घरूनच आणतेय."