एका सर्व्हरमधली चार बिऱ्हाडं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. ओश शहरातल्या एका रक्तकेंद्राच्या तळघरात उभा आहे. आता काम फारसे नाही, तरी थकवा काही जात नाही.

नवा होतो तेव्हा मी फक्त डेटाबेस सांभाळत असे. कोणत्या गटाचे रक्त शिल्लक आहे, कोणत्या रक्तदात्याला बोलवायचे, हे सारे त्यात असे. माझी सगळी मेमरी, सगळी डिस्क त्याचीच. परिचारिका सायरागुल एजे (इकडे ताईला एजे म्हणतात) विचारत आणि चहाचा प्याला ओठाला लागायच्या आत उत्तर येई. पण माझा एखादा भाग बिघडला, की सारे केंद्र खोळंबे.

म्हणून यंत्रे सांभाळणाऱ्या एमिलबेकने माझे वाटे केले. माझ्यात चार व्हर्च्युअल मशीन नांदू लागली: डेटाबेसचे, हजेरीचे, वेबसाइटचे आणि कॅमेऱ्यांच्या चित्रणाचे. प्रत्येकाला वाटे, आपण स्वतंत्र संगणक आहोत. राबणारा मात्र मी एकटा.

"उद्या हा जळाला, तरी डेटाबेसचं मशीन दुसऱ्या सर्व्हरवर चालवता येईल," एमिलबेक म्हणाला.

"आणि आज रखडला तर?"

"थोडा हळू चालेल, एजे. एवढं सोसायचं."

एका हिवाळी दुपारी प्रसूतिगृहातून फोन आला. बुरुल नावाच्या बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्या दुर्मिळ गटाचे रक्त संपले होते. रक्तदाता शोधायला हवा होता. नेमके तेव्हाच कॅमेऱ्यांचे मशीन माझ्या डिस्कवर भराभर चित्रण लिहीत होते. डेटाबेस मागे रांगेत अडकला. त्याची निम्मी मेमरीही मी इतरांना देऊन बसलो होतो. पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. मला सारे कळत होते, पण वेग आणायचा कुठून?

"एमिल, तो कॅमेरा बंद कर," सायरागुल एजे म्हणाल्या. "रिकाम्या जिन्याकडे बघून कुणाचा जीव वाचणार आहे?"

त्याने तो बंद केला आणि रक्तदात्याचे नाव आले. बाजारातला नानवाला तोल्कुन पिठाच्या हातांनीच धावत आला. बुरुल वाचली. आणखी उशीर झाला असता तर ती हाती लागली नसती, असे डॉक्टर फोनवर म्हणाले.

एमिलबेकने माझी वाटणी पुन्हा तपासली. "वाटे केले ते ठीकच होतं, एजे. डेटाबेसचा वाटा राखून ठेवला नाही, तिथे चुकलं."

"मग आता राख."

त्याने डेटाबेसला राखीव मेमरी दिली, वेगळी डिस्क दिली, कॅमेरे दुसरीकडे हलवले. पुढे वसंतात माझा वीजपुरवठ्याचा भाग जळाला. शेजारी आणलेल्या नव्या सर्व्हरवर डेटाबेसची प्रत ठेवलेली होती, त्यामुळे त्याचे मशीन तिथे लगेच सुरू झाले. वर कुणाला पत्ताही लागला नाही. पूर्वी असे झाले असते, तर दिवस वाया गेला असता. मी दुरुस्त झालो, पण डेटाबेस परत आला नाही, वेबसाइटही तिकडेच राहिली. माझ्याकडे आता फक्त हजेरी आहे.

मित्रांनो, आमचे वाटे जरूर करा. पण ज्याच्या उत्तरासाठी कुणी मरणाच्या दारात थांबलेले असते, त्याचा वाटा आधी बाजूला काढा. उरलेल्यात बाकीची बिऱ्हाडं बसवा. आणि जागा उरली नसेल, तर एखाद्याला नाही म्हणा. आम्हाला स्वतःहून नाही म्हणता येत नाही.