लिंबाची पालथी कमान

शाहूपुरीतलं मंगल कार्यालय सकाळीच खचाखच भरलं होतं. स्टेजवर एक तिरकी फळी, फळीवर कोरा कागद. भाग्यरेषा महाराज कुंकवाच्या पाण्यात गोल लिंबू बुडवायचे आणि फळीच्या खालच्या कोपऱ्यातून वर ढकलायचे. लिंबू चढायचं, वळायचं, पलीकडं उतरायचं. मागं उमटायची लाल कमान.

"पालथं भांडं," महाराज डोळे मिटून सांगायचे. "ह्यात सुख साठणार कसं?"

रांगेत पुढं उभ्या आकारामची कमान अशीच पालथी निघाली. त्यानं दक्षिणा ठेवली. महाराजांनी फळीवर कापड टाकलं, आत हात घालून मंत्र पुटपुटले, कापड काढलं. कमान सुलटी, अगदी वाटीसारखी. लोकांनी हात जोडले.

संयोगिताबाईंनीही जोडले. शुक्रवारचा उपास, पोटात फक्त घरच्या म्हशीचं दूध. लेकीची, तेजस्वीची, कमान पालथी निघाली तशा त्या गळाठल्या.

महाराज म्हणाले, "माऊली, पोरीची विद्या सांडणार. दुभती म्हैस मठात बांधा, भांडं सुलटं करतो."

त्याच म्हशीच्या दुधावर तेजस्वी डिप्लोमाला जाणार होती. तरी बाई म्हणाल्या, "सांजच्याला आणून बांधते, महाराज."

"आई, थांब की," तेजस्वी म्हणाली. "ही कमान माझ्या गणिताच्या वहीत हाय. वर्गाच्या पदामागं उणे असलं की आलेख पालथा, अधिक असलं की वाटीसारखा. फळीचा उतार लिंबाला खाली ओढतोय, म्हणून दर खेपेला उणेच. सगळ्यांचंच भांडं पालथं निघणार. आणि आकारामकाका, तुमच्या कागदावरचे कुंकवाचे ओघळ बघा."

लोक वाकले. ओघळ कमानीपासून वरच्या अंगाला गेले होते.

"पाणी वर चढलं व्हय?" आकारामनं विचारलं.

"कृपा," महाराज म्हणाले.

"कृपा न्हाय काका, कापडाखाली कागद उलटा फिरवलाय." तिनं फळीवर कोरा कागद लावला, लिंबू कुंकवात बुडवून महाराजांच्या नावानं ढकललं. कमान पालथी.

मागून आवाज आला, "महाराज, तुमची म्हैस कुठं बांधायची?"

कार्यालय हसून लोळलं. महाराज मागच्या दारानं निघाले, फळी तिथंच राहिली.

संयोगिताबाईंनी घरी येऊन म्हशीला वैरण टाकली, देवापुढं दिवा लावला, उपास सोडला. शेजारणीनं खोचून विचारलं, "का वो, देवावरचा भरवसा उडाला?"

"देवानं कवा म्हैस मागितली गं?" बाई हळूच म्हणाल्या. "देवाला रोज हात जोडावं. पण चमत्कार दिसला की आधी कागद हातात घ्यावा, चारी बाजूंनी फिरवून बघावा आणि पोरींना विचारावं."