चार बोटं सैल

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. काळा, नायलॉनचा, दोन बोटं रुंद. समुद्राच्या तळाशी जाणारे पाणबुडे पाठीवर हवेची टाकी बांधतात, त्या साजातला मी सर्वांत खालचा भाग. खांद्यांवरचे पट्टे सगळ्यांना दिसतात. कमरेचा पट्टा तर मोठं बक्कल लावून पुढे मिरवतो. मी पाठीवरच्या पोलादी पाटापासून निघतो, दोन पायांमधून पुढे येतो आणि कमरेच्या पट्ट्यात अडकतो. म्हणजे कासोटाच म्हणा ना! हसलात? हसा. माझ्याकडे पाहून लोक एकतर हसतात, नाहीतर नजर वळवतात. त्या वळवलेल्या नजरेपायी एकदा काय घडलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म बुसानच्या कारखान्यात झाला. मागावर विणल्यानंतर तापलेल्या तारेने माझी टोकं डागली, धागे सुटू नयेत म्हणून. तेवढा एकच चटका मला आठवतो. मग जहाजाने मी जेजू बेटावर, सॉग्विपोच्या एका दुकानात आलो आणि तिथून बू ओक्सुनबाईंच्या साजात.

ओक्सुनबाई शाळेत विज्ञान शिकवत. सुट्टीच्या दिवशी त्या एका पथकाबरोबर समुद्रात उतरत. किनाऱ्याजवळच्या मुन्सोम या छोट्या बेटाच्या पाण्याखालच्या कड्यावर लाल-जांभळी मऊ पोवळी झुलत असतात. कोळ्यांची तुटलेली जाळी वाहत येऊन त्यांच्यावर बसतात आणि पोवळी गुदमरून मरतात. जाळं ओढलं तर पोवळंही तुटतं. म्हणून बाई एकेक धागा कात्रीने कापत, एखाद्या लेकराच्या केसांतला गुंता सोडवावा तशा. तसा हात पथकात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

मी तेव्हा काय करत असे? बाई डोकं खाली करून कड्यावर वाकल्या की टाकी घसरून डोक्यावर येऊ पाहते. मी तिला जागच्या जागी धरून ठेवी. मला त्याचा फार अभिमान होता.

टाकीची हवा उघडायची-बंद करायची तोटी मानेच्या मागे असते. कुणी ती अर्धवटच उघडली असेल किंवा तिथून हवा फुसफुसू लागली, तर पाण्याखाली आपलाच हात मागे जायला हवा. जोडीदार दरवेळी शेजारी असेलच असं नाही. म्हणून पथकाचा नियम होता. दर वसंतात, जाळी कापण्याचा मोसम सुरू होण्याआधी, प्रत्येकाने उथळ पाण्यात आपली तोटी आपल्या हाताने बंद करून पुन्हा उघडून दाखवायची. ज्याला जमणार नाही, त्याने नावेत बसायचं.

बाईंना त्रेपन्नावं लागलं, त्या वसंतात त्यांचा हात पोचला नाही. बोटं तोटीच्या अलीकडे चाचपडत राहिली. त्या वर आल्या तेव्हा पथकाची प्रमुख जोंगह्वा नावेच्या कडेला बसली होती.

"पन्नाशीचा खांदा!" ती म्हणाली. "उगीच नाही तसं नाव पडलं त्या दुखण्याला. पन्नाशी आली की खांदा संपावर जातो. नावेत बस, पाणबुड्यांचा दोर धर. मी नाही का धरत?"

"ओन्नी, दोर धरीन गं," बाई म्हणाल्या. जोंगह्वा वयाने मोठी, म्हणून त्या तिला ओन्नी, म्हणजे थोरली बहीण म्हणत. "पण पोवळी कोण सोडवणार? हा थेग्यू? जाळं असं ओढतो, जसा काही गरम नूडल्स खातोय!"

"नूनिम, मी इथेच आहे," थेग्यू म्हणाला. तो बाईंचा पाण्यातला जोडीदार. वयाने बराच लहान, म्हणून त्यांना मानाने नूनिम, म्हणजे ताई म्हणायचा.

जोंगह्वाने एक संधी दिली. "पुढच्या शनिवारी पुन्हा बघू. नाही जमलं तर यंदा दोर. माझ्यावर रुसायचं नाही."

त्या आठवड्यात बाईंनी काय काय केलं! भिंतीला हात टेकवून खांद्याचा व्यायाम केला. नवरा छांगहो संत्र्यांची बाग सांभाळून थकून येई, तरी मलम चोळून देई. वर म्हणे, "झाडांनाही मी इतकं कधी चोळलं नाही." बंदराच्या उथळ पाण्यात जाऊन त्यांनी टाकी तिच्या पट्ट्यात वर सरकवली. तोटी जवळ आली खरी, पण मान वर केली की डोकं तिच्यावर ठक्कन आपटे. टाकी पुन्हा खाली घेतली. मग हात मोकळा व्हावा म्हणून खांद्याचे पट्टे सैल केले, तर सगळा साजच पाठीवरून खाली ओघळला आणि तोटी आणखी लांब गेली. पट्टे पुन्हा आवळले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्यांची रीत होती. फक्त माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पाहणार कोण? पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने साज तपासायचा असतो. थेग्यू नळी बघे, बक्कल ओढे, हवेचा काटा वाची. माझी पाळी आली की त्याचे डोळे थेट आभाळाकडे लागत.

"आणि नूनिम, ते... खालचं... ठीक?"

"ठीक," म्हणताना बाईही समुद्राकडे बघत.

थोरामोठ्यांच्या बाबतीत तिथे असंच चालतं. आणि मला वाटे, मी घट्ट आहे म्हणजे उत्तमच आहे.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी पाण्यातला जाड पोशाख चढवला, साज बांधला, पाठीवर रिकामी टाकी घेतली आणि स्वयंपाकघरातच पालथ्या पडून सराव सुरू केला. पाण्यात आडवंच असावं लागतं ना, म्हणून. छांगहो दारात येऊन उभा राहिला.

"सूप निवतंय. आणि तू इथेच पोहायला लागलीस?"

बाईंचं लक्ष हातांकडे होतं. त्यांचा डावा हात टाकीच्या बुडाला होता आणि उजव्या हाताची बोटं तोटीवर. चक्क तोटीवर!

"अहो, इकडे या! आज काय वेगळं आहे?"

"तुझी जागा. रोज तू जेवायला टेबलाशी असतेस."

त्या तशाच पडून विचार करत राहिल्या. मग हात खाली नेला, तेव्हा मी हाती लागलो. घाईत मला अडकवायचंच राहिलं होतं. त्यांनी मला अडकवलं. हात पोचेना. सोडलं, हात पोचला. पुन्हा अडकवलं, पुन्हा पोचेना.

मित्रांनो, तोटीपर्यंत पोचायचं तर एका हाताने टाकी खालून वर ढकलावी लागते. पाठीवरचा पाट थोडा वर सरकला तरच दुसऱ्या हाताला तोटी मिळते. माझी लांबी उन्हाळ्यातल्या पातळ पोशाखाच्या मापाची होती. हिवाळ्यापासून बाई आत लोकरीचे कपडे आणि वर पाणी आत न शिरू देणारा जाड पोशाख घालू लागल्या होत्या. मी ताणून तार झालो होतो आणि पाटाला तसूभरही हलू देत नव्हतो. खांदा थोडा आखडला होता, नाही असं नाही. पण पन्नाशीचा खांदा हे नाव एकदा मिळाल्यावर पुढे शोधायचं सगळ्यांनीच सोडून दिलं होतं.

बाईंनी मला दोष दिला नाही. बक्कलातून मला सोडवलं, चार बोटं ढील दिली आणि हळूच थोपटलं. पहिल्यांदा मला तो अपमान वाटला. सैल पट्टा म्हणजे काय पट्टा! पण त्यांनी पुन्हा टाकी ढकलली, मी पाटाबरोबर वर गेलो आणि खाली येऊन पुन्हा त्याला धरून बसलो. धरून ठेवणं आणि अडवून धरणं यांत चार बोटांचं अंतर असतं, हे मला त्या फरशीवर कळलं.

शनिवारी नावेत थेग्यूने नेहमीसारखं आभाळ धरलं.

"वर काय आहे?" बाईंनी विचारलं. "विमान? खालचा पट्टा बघ. ओढून बघ."

"नूनिम, मी कसा..."

"खरं सांग. घट्ट दिसत होता का तुला?"

थेग्यूचे कान लाल झाले. "हिवाळ्यापासून दिसत होता. पण तुम्ही वडीलधाऱ्या. तुम्हाला कसं सांगू, की तुमचा तो... तिथला..."

जोंगह्वा इतक्या मोठ्याने हसली की नाव हलली. "म्हणजे तुझ्या लाजेपायी मी हिला दोर धरायला लावणार होते! अरे भल्या माणसा, पट्टा तो पट्टा. त्याला लाज नाही, तुला कशाला?"

थेग्यूने मला चिमटीत धरलं, ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चार बोटं सैल. ठीक!"

पाण्याखाली थेग्यू आपली हवेची जादा नळी हातात धरून समोर थांबला. बाईंनी टाकी ढकलली. मी वर गेलो. तोटी फिरू लागली, आणखी फिरली, बंद झाली. एक श्वास जड आला. पुढचा आलाच नाही. माझ्या शिवणीशिवणीत धडधड झाली. मग त्याच बोटांनी तोटी उलट फिरवली, हवा सळसळत आली आणि बाईंच्या तोंडून बुडबुड्यांचा मोठा झुबका वर गेला. थेग्यूने पाण्यातच टाळ्या वाजवल्या. पाण्यात टाळीचा आवाज होत नाही, पण मला ती ऐकू आली.

त्या मोसमात बाईंनी किती पोवळी मोकळी केली, ते मला सांगता येणार नाही. त्या प्रत्येक वेळी मी त्यांच्याबरोबर होतो, याबद्दल मी जन्माचा ऋणी आहे. आता खाऱ्या पाण्याने माझे धागे पिंजले आहेत आणि माझ्या जागी नवा पट्टा आला आहे. थेग्यू त्यालाही ओढून बघतो, मोठ्याने नाव घेऊन.

म्हणून मित्रांनो, जवळच्या माणसाचं काही आवळलेलं दिसलं तर आभाळाकडे बघू नका. कान लाल झाले तरी सांगा. आणि आम्हा पट्ट्यांना समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुचकळा, सावलीत वाळवा. एवढं केलंत तर आम्ही तुम्हाला घट्ट धरून ठेवू, आणि लागेल तेव्हा सैलही होऊ.